रोहितावाचून भिगवण

ज्या मनुष्यास एखादी गोष्ट उत्तम साधली आहे त्यास, 'आता ती सोडून दुसरी करून पाहा' असे सांगणे आपल्याकडे औद्धत्याचे मानतात. गवयाने आपल्या घराण्याचा राग आळवावा, कीर्तनकाराने आपले ठरलेले आख्यान लावावे, प्राध्यापकाने वीस वर्षांपूर्वीची टिपणे पुन्हा उघडावीत आणि श्रोत्यांनी ओळखीचे ऐकावयास मिळाले म्हणून संतुष्ट होऊन घरी जावे, असा हा उभयपक्षी संमत व्यवहार आहे. आम्ही स्वतः बरीच वर्षे अध्यापन करीत असल्यामुळे या व्यवहारातील सुख आम्हांस चांगले ठाऊक आहे. तथापि कलेच्या प्रांतात हे सुख फार महाग पडते, असे आमचे मत अलीकडे होत चालले आहे. ते होण्यास दोन गोष्टी कारण झाल्या : एक छायाचित्रांचे प्रदर्शन आणि दुसरी एका नावाड्याचा प्रश्न. त्यांची हकीकत आधी सांगितली म्हणजे आमचे म्हणणे वाचकांस अधिक स्पष्ट होईल.

गेल्या हिवाळ्याच्या अखेरीस बारामतीस हौशी छायाचित्रकारांच्या एका मंडळाने आपल्या सभासदांच्या चित्रांचे प्रदर्शन मांडले होते. चित्रे उत्तम होती, हे प्रथमच सांगितले पाहिजे. पाण्यावरून धावत उड्डाण घेणारा रोहित आणि त्याच्या पायांखालून उडालेले, एकेक मोजून घ्यावे असे तुषार. चोचीत काटकी धरून घरट्याकडे निघालेला चित्रबलाक. मासा उलटा करून गिळण्याच्या बेतात असलेला राखी बगळा : यांपैकी एकाही चित्रात बोट ठेवावयास जागा नव्हती. परंतु पहिली भिंत संपून दुसरी लागली, दुसरी संपून तिसरी लागली, तेव्हा एक अडचण आमच्या लक्षात आली. कोणते चित्र कोणाचे हे खालची चिठ्ठी वाचल्याखेरीज कळत नव्हते. दहा-पंधरा माणसांनी काढलेली ती चित्रे एकाच हाताने काढल्यासारखी दिसत होती. त्यांत आमचीही दोन होती. ती दुरून पाहताना आम्ही मनाशी म्हणालो, 'हे कोणी काढले आहे बरे?' आणि जवळ जाऊन चिठ्ठीवर आपलेच नाव वाचले. आपले अपत्य गर्दीत ओळखू न येणे हा प्रसंग कोणासही विचार करावयास लावील असाच आहे.

या एकरूपतेचे मूळ भिगवणच्या पाण्यात आहे. भीमा नदीवर सोलापूर जिल्ह्यात बांधलेले उजनी धरण १९८० साली पुरे झाले, आणि त्याचे पाणी मागे सरकत सरकत इंदापूर तालुक्यातील गावांच्या शिवारांत शिरले. सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी साठविणाऱ्या या जलाशयाची उथळ किनार कुंभारगाव, डाळज, डिकसळ या बाजूस लागते. हिवाळ्यात तेथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि चिखलपाण्यात माना उलट्या बुडवून आपले भक्ष्य गाळून घेत उभे राहतात. पुण्याहून सोलापूरच्या हमरस्त्याने दोन-अडीच तासांत येथे पोहोचता येते. पहाटे नावाडी नाव सोडतो, सूर्य पाठीशी राहील अशा बेताने ती फिरवितो आणि पक्ष्यांस न उडविता जितके जवळ जाता येईल तितके जातो. कॅमेरेही आता इतके तरबेज झाले आहेत की पक्ष्याचा डोळा ते आपणच शोधून काढतात. अशा रीतीने जागा ठरलेली, वेळ ठरलेली, प्रकाशाची दिशा ठरलेली, नावाडी जाणता आणि यंत्र त्याहून जाणते; मग छायाचित्रकाराने ठरवावयाचे असे उरले तरी काय?

येथवर कोणी म्हणेल की, चित्रे सारखी असली तर असोत, ती सुंदर आहेत ना? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी त्या सौंदर्याची घडण पाहिली पाहिजे. पक्षिचित्रणाची जी पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे तिचा पहिला नियम असा की, पक्षी स्पष्ट आणि त्यामागील सर्व काही अस्पष्ट असावे. सहाशे मिलिमीटरची लेन्स, तिचे छिद्र होईल तितके मोठे, आणि वेग सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका. असे केले म्हणजे मागचा किनारा, त्यावरील ऊस, विजेचे खांब, धुणे धुणाऱ्या बाया, मासेमारीच्या होड्या, हे सारे विरघळून एक गुळगुळीत रंगीत पडदा तेवढा उरतो. चित्र निर्दोष होते ते याच विरघळण्यामुळे. परंतु असे चित्र भिगवणचे असेल, कच्छच्या रणातील असेल किंवा ठाण्याच्या खाडीतील असेल. चित्रावरून ते सांगता येणार नाही. भिगवणला जाऊन काढलेल्या चित्रातून भिगवण तेवढे नाहीसे करण्याची ही विद्या आम्ही सर्वांनी मोठ्या कष्टाने संपादन केली आहे. एकदा ती हाताला बसली की डोळ्यालाही बसते. मग किनाऱ्यावर उभा असलेला मनुष्य हा मनुष्य न राहता 'पार्श्वभूमीतला अडथळा' होतो. आमचे असे झाले होते, आणि ते आम्हांस ठाऊक नव्हते.

ते ठाऊक करून दिले नावाड्याने. ज्यांच्या नावेतून आम्ही पाच-सहा हिवाळे फिरलो ते गृहस्थ पन्नाशीतले, अबोल, पूर्वी केवळ मासे धरणारे आणि आता सकाळी पाहुणे फिरवून सायंकाळी चिलापीची जाळी टाकणारे. एके दिवशी पक्षी दूर होते, प्रकाश वर चढला होता, आणि आम्ही कॅमेरा मांडीवर घेऊन स्वस्थ बसलो होतो. ते म्हणाले, "सर, इतकं फोटू काढताय, आमचा बी एक काढा की." आम्ही आनंदाने कॅमेरा उचलला. आमच्या लेन्सला पंधरा फुटांच्या आतील वस्तू स्पष्ट दिसत नाही, आणि ते आमच्यापासून सहा फुटांवर बसले होते. नाव लहान, मागे सरकावयास जागा नाही. आम्ही खिशातील मोबाईल काढला, तर त्यांनी हाताने नको म्हटले. "त्यात पोरगं काढतंय की रोज. ह्या मोठ्यानं काढा." मोठ्याने काढता येत नाही, हे त्यांस समजावून सांगताना आम्हांस जी शरम वाटली ती केवळ यंत्राच्या उणेपणाची नव्हती. पाच-सहा वर्षे सहा फुटांवर बसलेला मनुष्य आम्हांस दिसू नये अशीच सामग्री घेऊन आम्ही त्याच्या नावेत बसत आलो होतो.

आता आमच्या म्हणण्याकडे वळू. अपरिचित विषय आणि अपरिचित शैली हाताळून पाहणे हा कलावंताच्या आयुष्यातील विरंगुळा समजला जातो. आमच्या मते तो त्याच्या धर्माचाच एक भाग आहे. आणि याला दाखला शोधण्यासाठी पॅरिसला किंवा न्यूयॉर्कला जावयास नको, बारामतीचाच आहे.

मोरोपंत (१७२९-१७९४) पन्हाळ्यास जन्मले, परंतु त्यांचे कवित्व फुलले व संपले ते बारामतीस. आर्या म्हटली की मोरोपंत, इतके त्यांचे त्या वृत्तावर प्रभुत्व. सबंध महाभारत आर्येत उतरविणाऱ्या या कवीस दुसरे काही करण्याची गरज नव्हती. असे असता त्यांनी रामकथा एकदा सांगून न थांबता पुनः पुन्हा सांगितली; परंपरा त्यांच्या रामायणांची संख्या एकशे आठ सांगते; आणि त्यांतील अनेकांस त्यांनी काही ना काही नवे बंधन घालून घेतले. त्यांपैकी 'निरोष्ठ रामायण' हे आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे. निरोष्ठ म्हणजे ज्यात ओष्ठ्य वर्ण नाही असे. प, फ, ब, भ, म यांपैकी एकही अक्षर वापरावयाचे नाही, असा पण करून कवी रामकथा सांगावयास बसला; आणि वाचकांच्या लक्षात आलेच असेल की 'राम' या नावातच म आहे. ज्याची कथा सांगावयाची त्याचे नाव उच्चारण्याची सोय नाही! मग तो दुसऱ्या नावांनी, त्याच्या कुळावरून, त्याच्या कृत्यांवरून, त्याच्या नातेवाइकांवरून ओळखू आला पाहिजे. नेहमीचा शब्द काढून घेतल्याबरोबर कवीस वस्तूकडे पुन्हा पाहणे भाग पडते.

हा सारा शब्दांचा खेळ, कसरत, असे म्हणणारे टीकाकार झाले आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. निरोष्ठ रामायण आज कोणी आवडीने वाचीत नाही, व ते न वाचल्याने मराठी वाचकाचे फारसे अडतही नाही. परंतु प्रयोगाचे फळ त्या प्रयोगातच शोधणे ही चूक आहे. मोरोपंतांच्या ज्या काव्याने आजही मनुष्य गहिवरतो ते 'केकावली' होय. आणि ते, आर्यांच्या या राजाने, आर्येत न लिहिता पृथ्वी वृत्तात लिहिले. ईश्वरापाशी हृदय उघडे करावयाची वेळ आली तेव्हा कवीने ज्यात आपला हात बसला होता ते माप बाजूस ठेवले. ज्याने आयुष्यभर स्वतःस अडवून घेण्याची सवय लावून घेतली होती त्यासच हे करावयाचे धैर्य होते, असा आमचा तर्क आहे.

छायाचित्रकाराने निरोष्ठ रामायणापासून घ्यावयाचा धडा तो हाच. भिगवणला जावे, पण एक हिवाळा रोहित वर्ज्य करावा. हे 'निरोहित' भिगवण कसे दिसते ते पाहावे. मोठी लेन्स घरी ठेवावी. पाठीशी सूर्य घेऊन चित्र काढण्याची सवय असेल तर सूर्य समोर घ्यावा. पार्श्वभूमी पुसण्याची सवय असेल तर छिद्र लहान करून सर्व काही स्पष्ट ठेवावे, आणि मग त्या सर्व काहीची मांडणी कशी करावी हे ठाऊक नसल्याने आपली जी त्रेधा उडेल ती मुकाट्याने सोसावी. ती त्रेधा हेच शिक्षण होय. नव्या विषयाचा खरा उपयोग विविधता वाढावी हा नव्हेच. आपल्याजवळची तयार उत्तरे तेथे लागू पडू नयेत, हा होय.

हे आम्ही केवळ कल्पनेने बोलत नाही. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रकार होते, शिळाछापाच्या धंद्यातही त्यांनी नाव मिळविले होते. १९१२ साली त्यांनी नव्या यंत्राने पहिल्याने जे चित्रित केले ते राजाराणीचे नाटक नव्हते. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचे वेलात होणारे रूपांतर होते. दररोज थोडेथोडे चित्रण करून त्यांनी महिन्याची वाढ काही क्षणांत दाखविली. वाटाण्याच्या वेलीने त्यांस काळ कसा हाताळावा ते शिकविले, आणि पुढच्याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. नारायण विनायक विरकर हे मुंबईचे व्यावसायिक छायाचित्रकार. पुढाऱ्यांच्या तसबिरी काढण्यात त्यांचा लौकिक. १९१९ साली जालियनवाला बागेत हत्याकांड झाल्यावर ते अमृतसरला गेले आणि त्यांनी तेथील भिंतींवरील गोळ्यांच्या खुणांची चित्रे घेतली. ज्या डोळ्यास चेहऱ्यावरील प्रकाश नेमका कोठे पडावा एवढेच पाहावयाचा सराव, त्यास विटांतील भोकांकडे वळावे लागले. ती चित्रे नसती तर तसबिरी काढण्याचे त्यांचे सारे कौशल्य मिळूनही त्यांचे नाव आज इतक्या आदराने घेतले गेले असते काय, याची आम्हांस शंका आहे. आणि अलीकडचे उदाहरण हवे असेल तर सुधारक ओलवे यांचे घ्यावे. वृत्तपत्रासाठी चित्रे काढणारा हा मुंबईचा छायाचित्रकार महापालिकेच्या सफाई कामगारांबरोबर गटारांपर्यंत आणि त्यांच्या घरांपर्यंत गेला. २०१६ साली त्यांस पद्मश्री मिळाली, ही गोष्ट गौण आहे. ज्या कामाकडे नाक मुरडून पाहण्याची आपणा सर्वांस सवय, तेथे डोळा स्थिर ठेवण्यास तो शिकला, ही मुख्य होय.

पाश्चात्यांतील एकच उदाहरण सांगून हे प्रकरण संपवितो. अमेरिकेतील प्रख्यात छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्यावर असा आक्षेप आला होता की, त्यांच्या व्यक्तिचित्रांतील प्रभाव हा समोर बसलेल्या मनुष्यांवर त्यांची जी मोहिनी पडते तिचा आहे. १९२२ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी कॅमेरा आकाशाकडे वळविला आणि ढगांची चित्रे काढावयास आरंभ केला. ढगांवर कोणाची मोहिनी चालत नाही, आणि ढग सर्वांस फुकट मिळतात. आपल्या कलेत आपले असे काय आहे हे जाणण्यासाठी त्या वृद्ध कलावंताने स्वतःची सर्वांत मोठी सोय टाकून दिली. आमचेही वय आता त्याच सुमारास येत असल्यामुळे हे उदाहरण आम्हांस विशेष धीर देते.

या मतावर दोन आक्षेप येण्याजोगे आहेत. पहिला असा की, एक ना धड भाराभर चिंध्या होण्यापेक्षा एका विषयात पारंगत व्हावे हे बरे. हा आक्षेप नवशिक्यापुरता आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. ज्यास अजून पक्षीच नीट काढता येत नाही त्याने आज माळ, उद्या मंदिर आणि परवा बाजार करीत हिंडू नये. आम्ही बोलत आहो ते ज्यांस एक गोष्ट साधली आहे त्यांच्याविषयी. मोरोपंतांनी ओठ मिटले ते भाषा पूर्ण वश झाल्यानंतर.

दुसरा आक्षेप अधिक बिकट आहे. नव्या विषयाची हाव हीच एक सवय होऊन बसते, आणि मग नवा विषय हा नुसता नवा रोहित ठरतो. याचे प्रत्यंतर आमच्याच तालुक्यांत येत आहे. उन्हाळ्यात उजनीचे पाणी फार उतरले की पळसदेवचे बुडालेले प्राचीन मंदिर वर येते. प्रथम ज्यांनी ते काढले त्यांच्या चित्रांत पाण्याखालून आलेल्या दगडांचा विस्मय होता. आता पाणी उतरल्याची बातमी येताच ड्रोन घेऊन मंडळी धावतात, आणि सर्वांच्या चित्रांत ते मंदिर वरून, एकाच कोनातून, चिखलाच्या वर्तुळाच्या मध्यभागी दिसते. विषय बदलला, दृष्टी तीच राहिली. तेव्हा विषयांतर आणि दृष्ट्यंतर यांत भेद केला पाहिजे. दृष्टी बदलली आहे की नाही याची कसोटी आमच्या मते सोपी आहे. नव्या जागी गेल्यावर आपल्या जुन्या युक्त्यांपैकी किती सोडाव्या लागल्या, हे मोजावे. एकही सोडावी लागली नसेल तर प्रवास झाला, प्रयोग झाला नाही.

अशा युक्त्या सोडावयास लावणारे विषय बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत कमी नाहीत. पहिला माळ. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात, किंवा इंदापूरच्या कडबनवाडीकडे, गवताचे जे माळरान आहे त्यात चिंकारा, लांडगा आणि खोकड यांचा वास आहे. तेथे जाणारे बहुतेक लोक लांडग्याच्या मागे लागतात, म्हणजे माळाचा पुन्हा पडदा करतात. परंतु स्वतः माळाचे चित्र काढावयास बसा. समोर गुडघाभर गवत, वर आकाश, मध्ये एक आडवी रेघ; लक्ष वेधील असे काही नाही. क्षितिज किती उंचीवर ठेवावे, एखादा धनगर व त्याची मेंढरे किती लहान दिसली म्हणजे माळ मोठा दिसेल, वारा दिसावा यासाठी वेग किती कमी करावा, या प्रश्नांची उत्तरे पक्षिचित्रणात सापडत नाहीत. आणि हा केवळ कलेचा प्रश्न नाही. असे माळ सरकारी दप्तरात 'पडीक' या सदरात पडत आले आहेत. तेथे खड्डे खणून झाडे लावली म्हणजे जमीन सुधारली, असे सुशिक्षितांसही वाटते. ज्या भूमीचे चांगले चित्र कोणी काढले नाही ती भूमी ओसाड समजली जाते. माळ पाहावयास शिकविणारे एक चित्र निघाले तर त्याचा उपयोग लांडग्याच्या शंभर चित्रांहून अधिक होईल.

दुसरा विषय आषाढी वारीचा. तो सर्वांत अधिक काढला जाणारा म्हणूनच येथे सांगतो. तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी या मार्गाने इंदापूरला येते. काटेवाडीस पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडीस गोल रिंगण होते. सुरकुतलेला चेहरा, कपाळी बुक्का, डोळ्यांत पाणी; किंवा मग आकाशातून घेतलेले रिंगणाचे वर्तुळ : या दोन चित्रांपलीकडे आमच्यापैकी फारसे कोणी गेलेले नाही. पालखी पुढे गेल्यावर ती धोतरे कोण गोळा करतो, कोण झटकतो, घडी घालताना कोणते पाऊल उमटलेले त्यावर दिसते, हे पाहावयास थांबलेला छायाचित्रकार आम्ही अद्याप पाहिलेला नाही. आम्ही स्वतःही थांबलो नाही, हे कबूल केले पाहिजे.

तिसरा विषय उसाचा. नीरेच्या डाव्या कालव्याने या भागात ऊस आणला, आणि माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांची धुराडी हिवाळाभर धुमसत असतात. बीडकडून आलेल्या तोडकऱ्यांच्या कोप्या रस्त्याच्या कडेला असतात, व त्यांच्यावरूनच आपण पहाटे पक्षी पाहावयास जातो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजण्याची जेथे पद्धत आहे तेथे चित्रात दोन माणसे दोन दिसावीत कशी, हा एखाद्या मोठ्या चित्रकारासही आव्हान वाटावा असा प्रश्न आहे. परंतु येथे एक इशारा देणे अवश्य आहे. दारिद्र्याचे सुरेख चित्र काढणे हाही एक ठराविक साचा आहे, आणि तो पक्ष्यांच्या साच्याहून वाईट. कारण पक्ष्यास अपमान कळत नाही. दूरच्या लेन्सने, न विचारता, चोरून काढलेले मनुष्याचे चित्र हे शिकारीच्याच जातीचे होय. जवळ जावे, बोलावे, नको म्हटल्यास परतावे, काढल्यास प्रत आणून द्यावी. या शैलीचा अभ्यास आम्हां पक्षिमित्रांस सर्वांत अपरिचित आहे.

आता नावाड्याची राहिलेली हकीकत. पंधरा दिवसांनी आम्ही लहान लेन्स घेऊन गेलो आणि त्यांचे चित्र काढले. पुढील खेपेस मोठ्या कागदावर त्याची प्रत नेली. आमच्या मते ती उत्तम साधली होती; चेहऱ्यावर सकाळचे कोवळे ऊन, डोळ्यांत चमक, मागे निळसर गुळगुळीत पडदा. त्यांनी ती दोन्ही हातांत धरून पुष्कळ वेळ पाहिली, आणि म्हणाले, "चांगला आलाय, सर. पण मागचं पाणी कुठं गेलं?"

आम्ही म्हटले, "मामा, चेहरा उठून दिसावा म्हणून मागचे अस्पष्ट करतात."

ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमचं घर तितं हाय. पाण्याखाली. म्हनून तर म्हनलं हितं बसून काढा."

त्यांनी पाच-सहा वर्षांचे असताना ते घर सोडले होते. जेथे आम्ही त्यांस बसविले असे आम्हांस वाटत होते, तेथे वस्तुतः तेच आम्हांस घेऊन गेले होते. आम्ही लेन्स बदलली, विषय बदलला, जवळ गेलो, विचारून काढले. इतके सर्व करूनही हाताने आपली जुनी सवय चोरपावलांनी आत आणली होती आणि एका मनुष्याचे गाव दुसऱ्यांदा बुडविले होते.

तिसऱ्या खेपेचे चित्र आम्ही छिद्र लहान करून काढले. सकाळचे ऊन सरून गेले होते, तरी त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्याच ठिकाणी नाव उभी केली. या चित्रात नावाडी थोडे लहान दिसतात, उन्हाने त्यांचे डोळे बारीक झाले आहेत, मागे सपाट पाणी आहे, त्यातून वाळलेल्या बाभळींची दोन खोडे वर आली आहेत, आणि त्यांपैकी एक खोड थेट त्यांच्या खांद्यातून उगवल्यासारखे वाटते. रचनेच्या दृष्टीने हा ढोबळ दोष आहे. आम्ही विद्यार्थ्यांस असे चित्र परत करू. त्यांनी मात्र पाण्यावरील एका जागी नख टेकविले आणि जवळ उभ्या असलेल्या मुलास म्हणाले, "हितं." मुलाने वाकून पाहिले. तेथे पाण्याखेरीज काही नव्हते; पण त्याने बराच वेळ पाहिले.

चांगले चित्र कोणते, या प्रश्नाचे उत्तर आम्ही या एका प्रसंगावरून देऊ इच्छीत नाही. खांद्यातून उगवलेले खोड हा दोष तो दोषच, आणि तो पुढील खेपेस टाळता आला पाहिजे. माणूस, पाणी आणि खोड ही तिन्ही स्पष्ट ठेवून त्यांची नीट मांडणी करणे हेच आता आम्हांस शिकावयाचे आहे. पन्नाशी उलटल्यावर पुन्हा नवशिके होणे सुखाचे नाही. परंतु प्रदर्शनात स्वतःचे चित्र ओळखू न येण्यापेक्षा ते बरे.

बारामतीच्या मंडळास आमची एक सूचना आहे. पुढील प्रदर्शनात एक भिंत अशी राखून ठेवावी की तिच्यावर ज्याने त्याने आपल्यास जे येत नाही तेच लावावे. पक्षी काढणाराने माणूस, माणसे काढणाराने माळ, रंगीत काढणाराने कृष्णधवल. त्या भिंतीवरील चित्रांस पारितोषिक नसावे, आणि त्यांखाली नावाची चिठ्ठीही नसावी. कोणते कोणाचे ते प्रेक्षकांनीच ओळखावे. मोरोपंतांच्या गावास ही भिंत शोभेल. मंडळाने हे मान्य केल्यास आमचे एक चित्र आम्ही तिच्यासाठी देऊ. त्यात उणिवा पुष्कळ आहेत. मात्र मागचे पाणी कोठे गेले, असे कोणास विचारावे लागणार नाही.